रुखवतातला ठोकळा

आमच्या घराण्यात पिढ्यान्पिढ्या काही उतरलं असेल तर ते समोरच्याला कमी लेखणं. जमीन वाटून वाटून कमी होत गेली, हा गुण मात्र प्रत्येकाच्या वाट्याला अख्खाच्या अख्खा आला. आबा, म्हणजे माझे वडील, सोसायटीच्या चेअरमनला कमी लेखत. त्यांचे धाकटे भाऊ अण्णा आबांना कमी लेखत. आई दोघांनाही, पण मनातल्या मनात, भाकरी थापता थापता. आणि मी सगळ्यांना. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी नंदाताई तेवढी या कामात कच्ची होती. तिला कोणाला कमी लेखता येत नसे, म्हणून मी तिला सगळ्यांत कमी लेखत असे. तो रंगीत ठोकळा घरात आला तेव्हा मी चौदा वर्षांची होते, आणि शिरूरपासून दौंडपर्यंत डोकं असलेलं माणूस एकच आणि ते मी, याबद्दल मला काडीची शंका नव्हती.

घर घोडनदीच्या काठाला, मळ्यात. नवं, स्लॅबचं, आणि नवं असल्याचा आबांना इतका अभिमान की पाहुणा आला की त्याला आधी जिन्यानं वर नेऊन स्लॅब दाखवायचा, मग पाणी द्यायचं. पुढच्या खोलीत काचेचं शोकेस होतं. त्यात प्लास्टिकची फुलं, बैलगाड्याच्या शर्यतीत मिळालेली ढाल, आणि ज्यातून कधी कोणी चहा प्यायलं नाही असा एक सोनेरी काठाचा कप. शोकेसची किल्ली आबांच्या करगोट्याला. दिवसभर विहिरीवरच्या मोटारीचा घुंघुं आवाज चाले आणि लाईट गेली की तो थांबून आबांच्या शिव्या ऐकू येत. स्वयंपाकघरातून लसूण आणि तिळाचा वास येत असला तर समजायचं, नंदाताई मासवड्या करतेय. बेसन शिजवून ओल्या फडक्यावर कागदासारखं पातळ थापायचं, आत तीळ-खोबऱ्याचं सारण, आणि फडक्यासकट उचलून असं वळायचं की कुठे भेग जाता कामा नये. तिच्या वड्यांना कधी भेग गेली नाही. सगळं घर वाटीवाटी रस्सा भुरकून उठायचं आणि कोणी तिला ‘चांगल्या झाल्या’ म्हणायचं नाही. मीही म्हटलं नाही. चुलीपुढं बसून जे होतं ते डोक्याचं काम नव्हे, असं माझं मत होतं.

ठोकळा आणला मामानं. मामा दौंडला रेल्वेत तिकीट तपासनीस. मुंबईच्या खेपेत त्याला तो कुठेतरी मिळाला. आला, मासवड्या खाल्ल्या, आणि हात पुसत सगळ्यांपुढं ठोकळा धरून म्हणाला, “ह्यो फिरवायचा. रंग इस्कटत्यात. मंग परत एकेक बाजू एकेका रंगाची करायची.” त्यानं चार पीळ देऊन दाखवले. पुन्हा लावायला गेला तर जमेना, म्हणून घड्याळ बघून यष्टी गाठायला निघून गेला. आमच्या मामाची सगळीच कामं त्या वळणाची.

यानंतर आमच्या घरात जे झालं ते दुसऱ्या कुठल्या घरात झालं असेल असं मला वाटत नाही. आबांनी ठोकळा हातात घेऊन कलिंगडासारखा वरखाली करून पाहिला आणि निवाडा दिला, “सहा बाजू हायेत. एकट्याचं काम न्हाई. वाटून घ्या.” तांबडी बाजू आबांनी घेतली. हिरवी अण्णांना. पांढरी आईला, “तुला सवड मिळंल तवा.” पिवळी नंदाताईला, निळी मला, आणि नारिंगी मामाला, जो एव्हाना न्हावऱ्याच्या पुढं गेला असेल. मग विहिरीच्या पाण्यासारख्या पाळ्या ठरल्या. सकाळी धारा झाल्यावर आबा, दुपारी अण्णा, दिवेलागणीला बाकीचे. तिसऱ्या दिवशी अण्णांनी हिरवी बाजू पुरी केली आणि कुस्ती जिंकल्यासारखा ठोकळा शोकेसवर ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी आबांची पाळी झाली. दुपारी अण्णा बघतात तर हिरव्यात तीन तांबडे घुसलेले.

“दादा, माझी बाजू कुनी मोडली?”

“तुझ्या बाजूला कुनी हात लावला न्हाई. मी माझ्या तांबड्यात हुतो.”

“तांबड्यात हुता, मंग माझ्या हिरव्यात तांबडं आलं कुठनं? बांध कोरल्यावानी कोरीत आलाय तुम्ही!”

आठ दिवस दोघं भाऊ वेगवेगळ्या पंगतीला जेवले. कोपऱ्याचा तुकडा तीन बाजूंच्या सामाईक मालकीचा असतो, एका बाजूचं वेगळं काही करताच येत नाही, ही गोष्ट त्या दोघांच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. मी ती पहिल्या दिवशी पाहिली होती आणि कोणाला सांगितली नव्हती. माणसं चुकतायत आणि आपल्याला कळतंय, यापरतं सुख मला त्या वयात ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर पुढेही फारसं सापडलं नाही. मी जन्मभर शिरूरला गणित शिकवलं ते पुष्कळसं याच सुखाच्या जोरावर.

आता कारेगावात मोबाइलच्या दुकानावर ठोकळा शिकवायचा क्लास निघालाय. कंपनीतनं सुटलेले आईबाप पोरांना मोटारसायकलवर घेऊन येतात, पोरं चिठ्ठीवरचे पीळ पाठ करतात, महिन्याच्या शेवटी रंगीत सर्टिफिकिट. स्वतःहून काही शोधायचं असतं हे त्या पोरांना कोणी सांगत नाही. मी एकदा पायऱ्या चढून बघून आले आणि तोंड वाकडं करून उतरले.

मी ठोकळा शिकले दौंडला, मे महिन्याच्या सुट्टीत तो बरोबर नेला होता तेव्हा, मामीच्या क्वार्टरमध्ये. बाहेर दिवसभर डबे एकमेकांवर आपटत, इंजिनं ओरडत, आणि मामी त्या गोंगाटात उंबऱ्यावर बसून क्रोशाची तोरणं विणत असे. विणताना ती पुटपुटायची, “चार साखळ्या, दोन खांब, उलटं फिर, दोन खांब.” मी तिलाही कमीच लेखत होते. चौथी पास बाई, दोरा आणि सुई. पण ऐकून ऐकून एक दिवस लक्षात आलं की ती बघून विणत नाही, तोंडानं म्हणत विणते. मग मीही ठोकळ्याचं तसं केलं. “उजवी वर, माथा पुढं, उजवी खाली, माथा मागं.” हे चार पीळ म्हणजे एक नक्षी धरायची आणि तीच पुन्हा पुन्हा म्हणायची. सहा वेळा म्हटली की ठोकळा जसा होता तसा परत. मी दचकले. दहादा करून पाहिलं, दहादा तसंच. तीनच वेळा म्हणून थांबलं तर बाकी सगळं जागेवर, चार कोपऱ्यांनी तेवढी जागा बदललेली. म्हणजे बाकीच्यांना धक्का न लावता कोपरे हलवता येतात! आबा-अण्णांचं भांडण ज्यावर मिटलं असतं ते माझ्या हातात होतं.

वहीच्या मागच्या पानांवर मी नक्ष्या लिहीत गेले. चुकून सगळं विस्कटलं की रडकुंडीला यायचे. मामी सुईवरची नजर न काढता म्हणायची, “चुकलं की उसवायचं. ज्या वाटंनं गेली त्याच वाटंनं मागं ये.” एवढंच तिनं शिकवलं, आणि तेवढंच लागत होतं. एकविसाव्या दिवशी दुपारी सहाही बाजू एकरंगी झाल्या. मी ठोकळा तिच्या नाकापुढं धरला. तिनं पाहिला, मान हलवली आणि म्हणाली, “झालं? मंग आता मोड की. परत येतंय का बघ.” मला तेव्हा तिचा राग आला होता. त्या सगळ्या माणसांत ठोकळा कशासाठी असतो हे कळलेली ती एकटीच होती, हे समजायला मला फार वर्षं लागली.

घरी आले तर आबांनी मामीच्या नेमकं उलट केलं. मी त्यांच्यासमोर ठोकळा पुरा केला. त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला, पंच्यानं पुसला, साडीच्या नव्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर रबर बांधलं, शोकेसमध्ये ढालीशेजारी ठेवला आणि किल्ली फिरवली. “आता कुनी हात लावायचा न्हाई. एकदा झालंय त्ये झालंय.” पोथीचं पारायण किंवा मण्यांचा पोपट पुरा व्हावा तसा त्यांच्या हिशेबी ठोकळा पुरा झाला होता. पाहुण्याला स्लॅबनंतर आता ठोकळा दाखवायचे. “आमच्या घरात झालाय,” म्हणायचे. कोणी केला हे कोणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मी काचेला नाक लावून उभी राहायची. शोध मी लावला आणि मिरवत होतं ते घर. असल्या माणसांत आपला जन्म झाला याची मला लाज वाटायची.

त्याच वर्षी नंदाताईचं लग्न ठरलं. मुलगा दौंडजवळचा, मळ्यातलाच, पण कुरकुंभला औषधांच्या कंपनीत कायम झालेला. रुखवताची तयारी सुरू झाली. नवरीच्या हातची कलाकुसर लग्नात मांडायची, सासरच्या बायकांनी ती फिरून पाहायची आणि सून किती गुणाची ते ठरवायचं, असा हा प्रकार. ताईनं मण्यांचं तोरण, नारळाचा गणपती, साखरेचा बंगला असं दोन महिने खपून केलं. त्यात आबांनी शोकेस उघडून ठोकळा आणून ठेवला. “ह्यो बी जाऊ द्या. तिकडची शिकल्याली मान्सं हायेत. पोरीचं वजन वाढंल.”

“तो मी केलाय,” मी म्हणाले.

“मंग? भनीसाठी केला म्हनायचं. अक्षर तुजं चांगलंय, नावं लिव्ह.”

मी सगळ्या वस्तूंच्या चिठ्ठ्या लिहिल्या. ‘कु. नंदाने केलेला रंगीत ठोकळा’ ही चिठ्ठीही माझ्याच वळणदार अक्षरातली. लिहिताना पेनाचं टोक कागदात रुतत होतं. ताई समोर बसून मणी ओवत होती. आई बाहेर गेल्यावर ती हळूच म्हणाली, “शैले, मला शिकव की गं त्यो ठोकळा. तिथं कुनी इचारलं तर मी काय करू?”

लग्नाला अठरा दिवस होते. रोज तासभर बसले असते तर ती शिकली असती, हे मला तेव्हाही माहीत होतं. जिच्या मासवडीला भेग जात नाही तिच्या बोटांना चार पीळ जड नव्हते. मी चिठ्ठीवरून मान वर न करता म्हणाले, “तुझ्या डोक्यात न्हाई शिरायचं त्ये. तू आपल्या वड्या वळ.”

तिनं सुईत मणी घातला आणि पुढचा घेतला.

लग्न झालं. नवरीबरोबर पाठराखीण म्हणून धाकटी बहीण जाते, तशी मी गेले. दुसऱ्या दिवशी सासरी सत्यनारायण होता. अंगणात मांडव, लाऊडस्पीकरवर कर्कश गाणी, शिऱ्याचा वास. दाजींचे कंपनीतले दहा-बारा दोस्त सकाळची पाळी सुटून थेट आले होते. दाजी बरे होते. आमच्याकडच्या पुरुषांपेक्षा बरेच बरे, म्हणून मला ते जरा बावळट वाटले. त्यांनी रुखवतातून ठोकळा उचलून आणला, दोस्तांपुढं धरला आणि खरंखुरं कौतुक तोंडावर घेऊन म्हणाले, “आमच्या मिसेसनं केलाय. कंपनीत साह्यबाकडं असला हाय, त्याला अजून जमंना.” मग रबर सोडलं, पिशवी काढली, पाच-सहा पीळ दिले आणि ठोकळा ताईपुढं धरला. “दाखवा ह्यांना.”

शालूतली, हिरव्या चुड्यातली ताई उभी राहिली. पाटावर सासूबाई, मागे भावकीतल्या बायका, पुढं ते सगळे पुरुष. तिनं ठोकळा घेतला, एक बाजू फिरवली आणि माझ्याकडं पाहिलं. मग आवाज साधा ठेवत म्हणाली, “हितं लई गडबड हाय. आत बसून करून आनते. चल गं शैला.”

तिनं रस्ता काढला होता. आतल्या खोलीत चार मिनिटांचं काम. मी केला असता, तिनं बाहेर आणून दिला असता, सगळे शिऱ्याकडं वळले असते. हे मला तिच्या नजरेत लख्ख दिसलं. आणि मी जागची हलले नाही. मला शोकेसची काच आठवत होती, चिठ्ठी आठवत होती. त्या मांडवात माझं डोकं कोणाला ठाऊक नव्हतं आणि ते मला सहन होत नव्हतं. मी मोठ्यानं म्हणाले, “ताईला न्हाई येत. त्यो मी केलाय. आणा इकडं.”

आणि मी केला. सगळ्यांच्या मधोमध, एकदाही न चुकता. टाळ्या झाल्या. कंपनीतला एकजण म्हणाला, “मेहुणी लई तेज हाय राव.” मी इतकी खूश होते की ताई कुठं उभी आहे ते मी पाहिलंसुद्धा नाही. सासूबाईंचं बोलणं तेवढं कानावर आलं. त्या कोणाला उद्देशून नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “त्यो हिनं केला. मंग बाकीचं कुनी केलंय?”

ते तोरण, तो गणपती, तो साखरेचा बंगला, सगळं त्या एका वाक्यात गेलं. दाजी हसायचा प्रयत्न करत होते. दोस्तांपुढं तोंडघशी पाडलं म्हणून ते पुढं महिनाभर ताईशी धड बोलले नाहीत, हे मला नंतर कळलं. आबा तिसऱ्या दिवशी मला न्यायला आले. वाटेत मी सगळं सांगितलं. वाटलं, चिडतील किंवा पाठ तरी थोपटतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग ठोकळा परत आनलास का न्हाई?”

आबांना हसणं सोपं आहे. मी ते कित्येक वर्षं केलं, स्टाफरूममध्ये हा किस्सा सांगून लोकांना हसवलं. वाटण्यांपर्यंत सांगायचे, मामीपर्यंत सांगायचे, ‘मेहुणी तेज’ला थांबायचे. पुढचं सांगत नसे. पुढचं असं, की ताईनं सासरी पहिल्यांदा मासवड्या केल्या तेव्हा ताटावर बसून सासूबाईंनी विचारलं, “ह्या तरी तूच केल्या का बहिनीनं धाडल्या?” सगळे हसले. त्यानंतर वर्षभर ती वड्या स्वयंपाकघरात न करता बाहेरच्या सोप्यात फडकं पसरून करायची, येणाऱ्याजाणाऱ्याला हात दिसावेत म्हणून. हे मला ताईनं सांगितलं नाही. आईनं सांगितलं, भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता. आईनं मला कमी लेखल्याचं मला पहिल्यांदा तेव्हा दिसलं.

ठोकळा ताईच्या सासरीच राहिला. मी पुन्हा हातात घेतला नाही. गरज काय, मला तर येतच होता. पस्तीस वर्षं मी तसं म्हणत आले.

परवा ताईकडं गेले होते. आता ती दौंडात राहते. सासूबाई जाऊन पुष्कळ वर्षं झाली, दाजी निवृत्त झाले, तेही सकाळी नातीला शाळेत सोडायला गेले होते. स्वयंपाकघरात लसणाचा वास. मासवड्या वळून झाल्या होत्या आणि रश्श्याला उकळी यायची होती. ओट्यावर नातीचा ठोकळा पडला होता. ताईनं पदराला हात पुसले, तो उचलला आणि खिडकीशी उभी राहून फिरवू लागली. सावकाश, ओठ हलवत. मी बघत राहिले. पाचेक मिनिटांत तिनं सहाही बाजू लावून तो ओट्यावर ठेवला.

“कधी शिकलीस?” मी विचारलं.

“झालं की वरीस. नात शिकत हुती, तिच्यासंगं.”

माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “मोबाइलवर बघून काय, कोणीही करतं.”

ती नुसती हसली. ठोकळा पुन्हा विस्कटला आणि माझ्या हातात दिला. “तू कर की. तुला तर येतं.” तिच्या आवाजात टोमणा नव्हता. मी शोधला, नव्हता.

एक बाजू केली. मधली पट्टी कशीबशी केली. उजवी वर, माथा पुढं, उजवी खाली, माथा मागं, हे बोटांना आठवत होतं. त्याच्यापुढं काय, ते गेलं होतं. पुन्हा पहिल्यापासून आले, पुन्हा तिथंच अडकले. ज्या वाटेनं गेले ती वाटच आठवेना, उसवणार काय? रस्सा उकळला, ताईनं गॅस बारीक केला. मी घामाघूम झाले होते आणि मान वर करायची हिंमत होत नव्हती, कारण वर केली तर ती बघत असेल, आणि तिनं जे म्हणायला हवं होतं ते मला पाठ होतं. मीच तर ते म्हटलं होतं.

तिनं स्टूल ओढलं, शेजारी बसली आणि विचारलं, “शिकवू का?”

तिनं थोडी वाट पाहिली. मग तिळाचा वास येणाऱ्या हातानं माझं बोट धरून उजव्या बाजूवर ठेवलं आणि म्हणाली, “ही वर घे.”

मी घेतली.